हार्ड डिस्कची सांधणी : कधीं, किती वेळां आणि कशासाठीं?

(नभोवाणीवरील भाषण)

मावळ तालुक्यांत, तळेगांव दाभाड्याच्या उत्तरेस, नवलाख उंबरे नांवाचें गांव आहे. नांव कानीं पडतांच नवख्या माणसाच्या मनांत हिशेब सुरू होतो. उंबरे म्हणजे घरांचे उंबरे असें धरलें, तर नऊ लक्ष घरें झालीं. आणि एवढीं घरें मावळच्या डोंगरकुशींत कधीं काळीं मावलीं असतील असें कोणी हिशेबी मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु नऊ लक्ष उंबऱ्यांची वस्ती पुष्कळ सुशिक्षित घरांत टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटींत खरोखरच नांदत असते. ती पेटी म्हणजे संगणक, आणि ती वस्ती म्हणजे त्याची हार्ड डिस्क. विंडोज प्रणालींत डिस्कवरील जागा बहुधा चार-चार किलोबाइटांच्या खणांत विभागलेली असते. घरांतील लग्नाचें सुमारें साडेतीन गिगाबाइटांचें चित्रीकरण तींत ठेवावयाचें म्हटलें, कीं त्याला असे नऊ लक्ष खण लागतात. हे खण एका ओळींत लागून असले, तर वाचणारें यंत्र उंबऱ्यामागून उंबरा ओलांडीत सरळ पुढें जातें. तेच खण गांवभर पांगलेले असले, तर प्रत्येक उंबऱ्यासाठीं त्याला वळसा घ्यावा लागतो.

पांगलेले खण पुन्हा शेजारीं आणून बसविण्याच्या क्रियेस डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात. बोलण्यांत लोक नुसतें "डिफ्रॅग करणें" असें म्हणतात. मराठींत तिला सांधणी म्हणावयास हरकत नाहीं. ही सांधणी करावी कीं न करावी, आणि करावी तर किती दिवसांनीं, याविषयीं घरोघर दोन टोकांचीं मतें आढळतात. एक गृहस्थ दर रविवारीं घराची झाडलोट करावी तशी डिस्कची सांधणी करतो आणि पडद्यावर "शून्य टक्के" असा आंकडा दिसेपर्यंत त्याला चैन पडत नाहीं. दुसऱ्या गृहस्थाचा संगणक मंद होत होत मेटाकुटीस येतो, तरी सांधणी म्हणून कांहीं असतें हेंच त्याच्या गांवीं नसतें. या दोघांतील पहिला उगाच शिणतो आणि दुसरा बहुधा निभावून जातो, असें सांगितलें तर आश्चर्य वाटेल. परंतु आजची वस्तुस्थिति जवळजवळ अशीच आहे. खरा धोका या दोघांच्याही ध्यानांत न येणाऱ्या तिसऱ्याच ठिकाणीं असतो.

विखुरलेपणाचें दुखणें महाराष्ट्राला नवें नाहीं. पूर्वीं तें जमिनीला जडलें होतें. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं केली आणि तिचा वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. १७७१ सालीं तेथील सरासरी धारणा सुमारें ४० एकरांची होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही सलग नसून तुकड्या-तुकड्यांनीं पांगलेली असे. अशा शेतकऱ्याच्या मातीचा कस तुकडे पडल्यामुळें कमी होत नाहीं. त्याचें नुकसान होतें तें चालण्यांत, बैल व औत एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेण्यांत, आणि राखणीसाठीं चार दिशांना धांवण्यांत. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं यावर तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला. त्याच्या नांवांतच दोन उपाय आहेत: नवे तुकडे पडूं न देणें हा पहिला, आणि पडलेले तुकडे एकत्र आणणें हा दुसरा. पुणें जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागीं गट नंबर आले ते या एकत्रीकरणामुळें; नवलाख उंबऱ्याच्या पत्त्यांतही गट नंबर लिहिलेला आढळतो.

जमिनीचें हें उदाहरण हार्ड डिस्कला दोन बाबतींत तंतोतंत लागू पडतें. पहिली गोष्ट ही, कीं फाइलीचे तुकडे पडल्यानें फाईल बिघडत नाहीं. तिच्यांतील एक अक्षरही कमीजास्त होत नाहीं. नुकसान होतें तें केवळ वेळाचें. दुसरी गोष्ट ही, कीं येथेंही उपाय दोनच आहेत आणि त्यांचा क्रम तोच आहे. आधीं तुकडे पडण्याचें कारण दूर करावयाचें, मग पडलेले तुकडे सांधावयाचे. पहिल्याकडे पाठ फिरवून दुसऱ्याचाच ध्यास घेणाऱ्यास आठवडाभरांत पुन्हा तेंच दृश्य दिसतें.

तुकडे पडतात कसे, तें पाहूं गेल्यास त्यांत गूढ असें कांहींच नाहीं. नव्या डिस्कवर पहिल्या फाइली एकीशेजारीं एक अशा बसतात. पुढें घरांतील मंडळी कांहीं छायाचित्रें पुसून टाकतात, जुनीं पत्रें काढून टाकतात, एखादा खेळ घालतात आणि काढतात. अशा रीतीनें भरलेल्या ओळींत मध्यें मध्यें रिकामे खण पडतात. मग एखादी मोठी फाईल येते. तिला सलग जागा मिळाली नाहीं, तर ती दहा ठिकाणच्या रिकाम्या खणांत विभागून बसते. हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहाराचें दप्तर, पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचें चित्रीकरण अशा ज्या फाइली रोज थोड्या थोड्या वाढतात, त्यांचे तुकडे अधिक पडतात. कारण फाईल वाढावयास निघते त्या वेळीं तिच्या शेजारचा खण दुसऱ्या कोणी बळकावलेला असतो. डिस्क जितकी भरगच्च, तितकी ही ओढाताण अधिक. म्हणून डिस्कवरील निदान सहावा-सातवा हिस्सा मोकळा ठेवणें ही खरी तुकडेबंदी होय. विंडोज एक्स्पीमधील सांधणीचें साधन तर नीट काम होण्यासाठीं १५ टक्के जागा मोकळी मागत असे.

आतां या तुकड्यांची किंमत किती पडते, तें पाहणें अगत्याचें आहे. कारण सांधणी किती वेळां करावी, याचें उत्तर त्या हिशेबांत आहे. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली हार्ड डिस्क पुढें आणली, तेव्हां तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरें मावत असत. पुढें तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या आणि त्यांवर मावणारा मजकूर लाखों पटींनीं वाढला, परंतु तत्त्व तेंच राहिलें. तबकडी गरगर फिरते आणि एका हाताच्या टोकाला बसविलेलें वाचणारें शीर्ष तिच्यावर आंतबाहेर सरकतें. ग्रामोफोनच्या सुईचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. फरक एवढाच, कीं हें शीर्ष तबकडीला शिवत नाहीं, तिच्यापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असतें. घरगुती संगणकाच्या डिस्कचे मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे होतात. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारें ८ सहस्रांश लागतात. म्हणून हवा तो खण शीर्षाखालीं येण्याची वाट सरासरीनें ४ सहस्रांश पाहावी लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारें ९ सहस्रांश जातात. एकूण एका वळशाची किंमत सेकंदाचे सुमारें १३ सहस्रांश झाली.

साडेतीन गिगाबाइटांचें तेंच लग्नाचें चित्रीकरण घ्यावें. तें सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वाचीत असेल, तर सगळें वाचून होण्यास सुमारें २५ सेकंद लागतात. त्याचे नऊच्या नऊ लक्ष खण वेगवेगळ्या ठिकाणीं पांगले आहेत अशी कल्पना केली, तर नुसत्या वळशांतच सव्वातीन तास खर्ची पडतील. अर्थात् असें प्रत्यक्षांत घडत नाहीं. परंतु दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितकाच बोलका आहे. त्याच चित्रीकरणाचे नऊच तुकडे पडले असतील, तर वळशांत जाणारा वेळ सेकंदाचा आठवा भागही भरत नाहीं. तेव्हां तुकडे पडले आहेत काय, हा प्रश्न नव्हे. किती पडले आहेत आणि केवढे पडले आहेत, हा प्रश्न आहे. पडद्यावर "शून्य टक्के" आणण्यासाठीं रात्रभर डिस्क घासणारा गृहस्थ सेकंदाच्या आठव्या भागासाठीं आठ तास घालवितो.

हें तत्त्व प्रणाली रचणाऱ्यांनाही हळूहळू पटलें. १९९३ सालीं एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीबरोबर डिफ्रॅग नांवाची आज्ञावली आली. विंडोज ९५ व ९८ यांमध्यें तिचें रूप अधिक चित्तवेधक झालें. रंगीबेरंगी चौकटी पडद्यावर सरकतांना पाहण्यांत घरांतील मुलें तासन् तास रमत असत. त्या काळीं डिस्का लहान होत्या, संगणकाची स्मृति तुटपुंजी होती आणि फॅट नांवाची जुनी खणपद्धति जवळचा मोकळा खण मिळेल तो उचलीत असे. त्यामुळें सांधणीचा गुण डोळ्यांना दिसे. मात्र काम चालू असतां दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीनें डिस्कवर कांहीं लिहिलें, कीं सारें काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दर महिन्यास सांधणी करावी, हा जो उपदेश आजही तोंडोतोंडीं चालत आला आहे, तो त्या काळचा आहे. औषध खरें होतें. फक्त रोगी आतां तसा राहिला नाहीं.

२००७ सालीं घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टानें हें काम माणसाच्या हातून काढून घेतलें आणि आठवड्याच्या पाळीनें स्वतःकडे घेतलें. ६४ मेगाबाइटांहून मोठे तुकडे तिनें हिशेबांतच धरणें सोडून दिलें. लग्नाच्या चित्रीकरणाचे ६४ मेगाबाइटांचे तुकडे केले, तर ते ५५-५६ होतात आणि त्यांचे वळसे मिळून पाऊण सेकंदाच्या आंत आटोपतात. अशा तुकड्यांना सांधीत बसण्यांत अर्थ नाहीं, हें त्या निर्णयाचें मर्म. २००९ च्या विंडोज ७ मध्यें दर बुधवारीं रात्रीं एक वाजतां सांधणीची वेळ नेमलेली असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत तीच क्रिया आठवड्याच्या देखभालीचा भाग होऊन बसली.

येथें घरधन्याच्या संवयीचा प्रश्न येतो. पुष्कळ घरांत काम संपतांच संगणक बंद करून भिंतीवरचें बटणही बंद करण्याची काटकसरी आणि एरवीं स्तुत्य अशी चाल आहे. मध्यरात्रींची देखभाल अशा घरीं होणार कशी? प्रणाली चुकलेलें काम पुढें रिकामा वेळ मिळेल तेव्हां उरकूं पाहते. पण संगणकाला रिकामा वेळच मिळाला नाहीं, तर तीही हतबल होते. म्हणून फिरत्या तबकडीची डिस्क असलेल्या घरांत आठवड्यांतून एखादे दिवशीं, जेवणाच्या वेळीं, संगणक दोन तास चालू स्थितींत परंतु कामाविना सोडून द्यावा. विंडोजमधील "डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज" ही खिडकी महिन्यांतून एकदां उघडून शेवटची देखभाल कोणत्या तारखेस झाली, एवढें पाहावें. तारीख ताजी असेल तर खिडकी मिटावी. किती वेळां सांधणी करावी, या प्रश्नाचें साध्या घरापुरतें उत्तर इतकेंच आहे: हातानें बहुधा कधींच नाहीं, जें आपोआप होतें तें होऊं द्यावें.

याला अपवाद आहेत. तळेगांवच्या औद्योगिक वसाहतीसारख्या भागांत, जिचा विस्तार नवलाख उंबऱ्याच्या शिवारापर्यंत पोंचला आहे, आणि अन्यत्रही अनेक लहान कारखान्यांत, एखाद्या यंत्राला जोडलेला जुना संगणक विंडोज एक्स्पीवर वर्षानुवर्षें चालत राहतो; कारण यंत्राची आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नाहीं. एक्स्पीमध्यें आपोआप होणारी सांधणी जवळजवळ नाहींच. अशा ठिकाणीं आधीं त्याच साधनांतील विश्लेषण चालवावें, आणि तें सांगेल तरच, दोन-तीन महिन्यांतून एकदां किंवा मोठी साफसफाई झाल्यानंतर, सांधणी करावी. लिनक्स वापरणाऱ्यांस बहुधा याचीही गरज पडत नाहीं. तेथील एक्स्ट-४ ही पद्धति फाइलीचा मजकूर लिहिण्यास मुद्दाम थोडा विलंब लावते, म्हणजे फाईल केवढी होणार हें आधीं कळतें, आणि मग तिच्यासाठीं शक्य तों सलग जागा निवडते. एकत्रीकरणापेक्षां तुकडेबंदी बरी, हें शहाणपण तिच्या रचनेंतच घातलेलें आहे.

एवढा वेळ जें सांगितलें तें फिरत्या तबकडीविषयीं. परंतु नव्या संगणकांतून ती तबकडी झपाट्यानें नाहींशी होत चालली आहे आणि तिच्या जागीं एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क आली आहे. येथें मावळांतीलच दुसरें उदाहरण उपयोगीं पडेल. कौलारू घराची पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं शाकारणी करावी लागते. फुटकें कौल बदलावें, सरकलेलें नीट बसवावें, नाहीं तर मावळच्या पावसांत घर गळूं लागतें. उद्यां तेथें कौलें जाऊन स्लॅब आला आणि घरधनी संवयीनें वर चढून स्लॅब ठोकूं लागला, तर शेजारी काय म्हणतील? एसएसडीवर सांधणी करणारा मनुष्य नेमकें हेंच करतो. चिपांच्या डिस्कमध्यें फिरणारें किंवा सरकणारें कांहींच नसतें. दूरच्या खणापर्यंत पोंचण्यास जवळच्या खणाइतकाच वेळ लागतो, आणि तोही तबकडीच्या शतांशाच्या आसपास. शिवाय संगणकाला जे खण शेजारीं शेजारीं दिसतात, ते चिपांवर खरोखर शेजारीं असतातच असें नाहीं. आंतला नियंत्रक झीज सर्वत्र सारखी वांटली जावी म्हणून त्यांची जागा आपल्या हिशेबानें बदलीत असतो. सांधून मिळावयाचें तें थोडें, आणि खर्च मात्र होतो. कारण चिपेवरील प्रत्येक जागा किती वेळां पुसून पुन्हा लिहितां येईल, याला मर्यादा असते.

एसएसडीला हवी असते ती वेगळीच देखभाल. तिला ट्रिम म्हणतात. कोणते खण आतां मोकळे झाले आहेत, तें प्रणालीनें डिस्कला कळवावयाचें, म्हणजे ती आपल्या सवडीनें ते पुसून तयार ठेवते. विंडोजची आठवड्याची देखभाल डिस्कचा प्रकार ओळखून तबकडीला सांधणी आणि चिपांना ट्रिम असा भेद स्वतःच करते. पूर्वस्थितीच्या नोंदी राखण्याची सोय चालू असेल, तर क्वचित् ती एसएसडीवरही थोडी सांधणी करते. तेवढें तिच्यावर सोपवावें, घरधन्यानें त्यांत भर घालूं नये. घरांतील डिस्क कोणत्या प्रकारची आहे, हेंही वर सांगितलेल्या खिडकींत लिहिलेलें असतें. सांधणीची कळ दाबण्यापूर्वीं तो एक शब्द वाचण्याचे श्रम अवश्य घ्यावेत.

कौलांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. साठवणीसाठीं मिळणाऱ्या कित्येक मोठ्या पण स्वस्त डिस्कांमध्यें मजकुराचीं वर्तुळें कौलांसारखीं एकमेकांवर थोडीं थोडीं चढविलेलीं असतात. त्यामुळें थोड्या जागेंत अधिक मजकूर मावतो. छपरावरचें मधलेंच एक कौल बदलावयाचें म्हटलें, कीं त्यावर चढलेलीं कौलेंही उचलावीं लागतात. तसाच या डिस्कवर मधला एक खण नव्यानें लिहावयाचा, तर त्याच्या पुढचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. अशा डिस्कची सांधणी फार रेंगाळते आणि तिच्यापासून लाभ अल्प होतो. नुसती साठवणीची डिस्क असेल, तर तिच्या वाटेस जाऊं नये.

आतां तो तिसरा, आणि खरा महत्त्वाचा मुद्दा. संगणक मंद झाला, कीं बहुतेक लोकांना सांधणी आठवते. परंतु मंदपणाचें कारण विखुरलेपण नसून डिस्क जीर्ण होणें हेंही असूं शकतें. जीर्ण डिस्कला एखादा खण एका प्रयत्नांत वाचतां येत नाहीं. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि बाहेरून तो केवळ संथपणा वाटतो. कधीं पेटींतून टक् टक् असा आवाज येतो, कधीं साध्या फाइलीची नक्कल मध्येंच अडते, कधीं संगणक कारणावांचून थिजतो. अशा डिस्कवर सांधणी सुरू करणें म्हणजे हृदयविकाराच्या रोग्यास लोहगडाची चढण चढावयास लावणें होय. सांधणी ही दुरुस्ती नव्हे. तिच्यांत असंख्य खण उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. म्हणजे थकलेल्या डिस्कला तासन् तास अखंड राबावें लागतें. जी डिस्क कदाचित् आणखी चार दिवस टिकून आंतला मजकूर बाहेर काढूं देती, ती त्या एका रात्रींत मान टाकते. डिस्का आपल्या प्रकृतीची नोंद स्मार्ट नांवाच्या व्यवस्थेनें स्वतः ठेवीत असतात. ती नोंद दाखविणारीं फुकट साधनें मिळतात. निकामी झालेल्या खणांची संख्या त्यांत वाढत असेल, तर सांधणीचा विचारही मनांत आणूं नये.

दुसरा एक प्रसंग असाच आहे. घरांतील कोणी चुकून छायाचित्रांचें एखादें दप्तर पुसून टाकतो. फिरत्या तबकडीवर पुसलेली फाईल तत्काळ नाहींशी होत नाहीं. तिचे खण "मोकळे" अशी फक्त नोंद होते, आणि त्यांवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणकाराला ती परत मिळवितां येण्याची पुष्कळ आशा असते. अशा वेळीं घाबरून किंवा "सगळें नीटनेटकें करूं" म्हणून सांधणी केली, तर त्या मोकळ्या दिसणाऱ्या खणांवर दुसऱ्या फाइलींचे तुकडे येऊन बसतात आणि उरलीसुरली आशाही संपते. फाईल चुकून पुसली गेली, तर संगणक तसाच बंद करावा, आणि आठवड्याची देखभाल सुरू होण्यास अवसर मिळेल असा रिकामा चालू ठेवूं नये. चिपांच्या डिस्कवर ही आशा फार थोडी. कारण ट्रिमच्या योगें ते खण लवकरच खरोखरीच पुसले जातात.

वीज मध्येंच गेली तर काय, अशी शंका खेड्यापाड्यांत आणि पावसाळ्यांत सहज येते. एनटीएफएस ही विंडोजची रूढ पद्धति आधीं तुकड्याची नक्कल नव्या जागीं करते आणि मग नोंद बदलते; त्यामुळें वीज गेली तरी सामान्यतः मजकूर शाबूत राहतो. जुन्या फॅट पद्धतींत ही हमी कमी. तथापि निकोप डिस्कलाही वारंवार वीज तुटणें मानवत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं वीज ये-जा करीत असेल, त्या दिवशीं हातानें सांधणी करूं नये.

या सर्वांतून कामाचा एक क्रम निघतो आणि तो उलटा केल्यानेंच अनर्थ होतात. सर्वांत आधीं नक्कल. घरांतील मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकीं एक तरी दुसऱ्या घरीं किंवा दुसऱ्या गांवीं असावी. त्यानंतर डिस्कच्या प्रकृतीची तपासणी. ती ठीक असल्यास निरुपयोगी फाइली काढून जागा मोकळी करणें. इतकें झाल्यावर, डिस्क फिरत्या तबकडीची असेल आणि विश्लेषणांत तुकडे खरोखर फार दिसत असतील, तरच सांधणी. पुष्कळदां तिसऱ्या पायरीवरच संगणक पूर्ववत् चालूं लागतो आणि चौथीची वेळ येत नाहीं. यासाठीं पैसे देऊन एखादी आज्ञावली विकत घेण्याचें कारण नाहीं. लागतें तें साधन प्रणालीबरोबरच आलेलें असतें. जुन्या संगणकाचा वेग खरोखर वाढवावयाचा असेल, तर तेच पैसे लहानशी एसएसडी बसविण्यांत घालावेत. वर्षभर केलेल्या सांधणीनें जो फरक पडणार नाहीं, तो एका दुपारींत दिसून येईल.

कोणी विचारील, कीं डिस्कच्या आवराआवरीसारख्या क्षुल्लक बाबीचा एवढा ऊहापोह कशासाठीं? याचें उत्तर डिस्कमध्यें काय ठेवलेलें असतें, त्यांत आहे. सातबाराची प्रत हरवली, तर सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीची नवी प्रत काढतां येते. बँकेचा तक्ता पुन्हा मागतां येतो. चित्रपट पुन्हा मिळतो. परंतु गेलेल्या आजीच्या तोंडच्या ओव्या नातवानें एका उन्हाळ्यांत टिपून ठेवल्या असतील, तर त्यांची दुसरी प्रत देणारें कार्यालय या पृथ्वीवर नाहीं. त्या ओव्या डिस्कवर एका तुकड्यांत आहेत कीं नऊशें तुकड्यांत, यानें त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. त्या ऐकूं येण्यास फार तर क्षणभर उशीर होईल. त्या एकाच डिस्कवर असणें, हें मात्र भयंकर आहे. नीटनेटकेपणा आणि सुरक्षितपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पडद्यावरील "शून्य टक्के" हा आंकडा पहिलीची ग्वाही देतो, दुसरीची नव्हे.

म्हणून ज्या रविवारीं एखादा टापटिपीचा गृहस्थ सांधणी करावयास बसेल, त्या रविवारीं त्यानें ती कळ तशीच सोडावी आणि कपाटांतली दुसरी डिस्क काढून तिच्यावर घरच्या मजकुराची नक्कल उतरवून घ्यावी. नऊ लक्ष उंबरे एका ओळींत नसले तरी संसार चालतो. ती सारी वस्ती दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं जशीच्या तशी उभी असली, म्हणजे घरधन्याला निश्चिंत झोंप लागण्यास हरकत नाहीं.